पिवळी ठिणगी

सकाळी देवापुढचा दिवा लावला की तो आपणहून शांत होईपर्यंत मी बोलत नाही. ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं त्या दिवसापासून धरलेला हा नेम. तेल मोजकंच घालते, पण वात मोठी सोशीक असते. सकाळ बरीच वर येते तोवर मी मुकीच. आणि नेमकी तीच वेळ ह्यांनी मोटरसायकलीसाठी निवडली.

"तू गप्प असतेस तेवढ्यातच माझं काम होतं," हे म्हणायचे. "एकदा तुझं तोंड सुटलं की डॉक्टरसुद्धा तुझ्यापुढे मवाळ वाटतो."

हसूही यायचं आणि रागही. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, हृदय निम्म्या ताकदीवर चाललंय. जिना दमाने, ओझं नको, आणि किक मारणं तर नाहीच नाही. लेक रोज फोनवर विचारायची, "आई, बाबांनी त्या धुडाला पाय लावला का गं?" खोटं बोलवत नाही. मग मी म्हणे, "आजही सुरू नाही झाली." तेवढं तरी खरं असायचं.

गाडी ह्यांच्याहून जुनी. लग्नाआधी भंगारातून घेतलेली, मागच्या अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये वर्षानुवर्षं ताडपत्रीखाली उभी. इतकी वर्षं तिच्याकडे ढुंकून न बघणारा माणूस आजारपणातून उठला तो थेट तिच्याचकडे. घरात सगळे त्यांना खुर्चीत बसवत. शेडमध्ये ते उभे राहत. "ही सुरू झाली म्हणजे मी बरा झालो," असं एकदा पाठमोरे असताना म्हणाले. मग मीच मदतीला जाऊ लागले. लवकर सुरू झाली तर किका कमी माराव्या लागतील, एवढंच माझं गणित.

ह्या गाडीला बॅटरी नाही. इंजिनाच्या बाजूला मॅग्नेटो नावाचा एक डबा आहे. किक मारली की तो फिरतो, त्यात वीज तयार होते आणि एका जाड्या वायरीतून प्लगला जाते. ठिणगी बघायची तर प्लग बाहेर काढायचा, वायरीच्या टोपीत बसवायचा, इंजिनाच्या लोखंडाला टेकवून धरायचा आणि दुसऱ्याने किक मारायची. धरायचं काम माझं. बोलता येत नाही म्हणून खुणा ठरवल्या होत्या. मूठ मिटलेली म्हणजे काहीच नाही, एक बोट म्हणजे पिवळी, पूर्ण पंजा म्हणजे निळी. निळी, जाड, कडकन वाजणारी ठिणगी हवी. पिवळीवर पेट्रोल पेटत नाही.

माझं एकच बोट वर जाई.

ह्यांनी प्लग घासला. नवा आणला. मॅग्नेटोतले पॉइंट पॉलिश पेपरने चकचकीत केले, त्यांच्यातली फट पुन्हापुन्हा मोजली. कंडेन्सर बदलला. जाडी वायर बदलली, टोपी बदलली. प्रत्येक वेळी कपाळावरचा घाम पुसत, "आता बघ," म्हणत आणि किक मारत. एक बोट. पुन्हा एक बोट. गाडी ताकास तूर लागू देईना.

"अगं, नीट बघ तरी! पिवळीच कशी असेल?"

मी बोट वरच ठेवी. मग पाना भिंतीवर आपटल्याचा आवाज. मग स्टुलावर बसून धापा. मी प्लग खाली ठेवून त्यांचं मनगट हातात घेई. नाडी बघायला मला दवाखान्यातच शिकवलं होतं. चार ठोके लागत, एक बुडे, पुन्हा दोन लागत. मी मनात नाव घेत बसे आणि त्या गाडीला शिव्या न देण्याचा प्रयत्न करी. तो नेम काही मला पूर्ण पाळता आला नाही.

एका सकाळी हे पाणी प्यायला घरात गेले. मी प्लग धरूनच उभी होते. शेडमध्ये दुसरं कुणी नाही, किकवर कुणाचा पाय नाही, इंजिन गार.

प्लगच्या टोकावर ठिणगी पडली. बारीक, पिवळी. चट्.

मी वाकून पाहिलं. थोड्या वेळाने पुन्हा. चट्.

दिवा शांत झाल्यावर मी त्यांना सांगितलं.

"उपास कमी कर," हे म्हणाले. "डोळ्यांपुढे काजवे चमकतात तुझ्या."

"उपास कालच सुटला."

"मग जेवण कमी कर." स्वतःच्या विनोदावर हसले, मग चिडले. "फिरल्याशिवाय मॅग्नेटो करंट देत नाही. फिरवूनही देत नाहीये, ते सोड."

शेवटी मॅग्नेटो उतरवून वाइंडिंगवाल्याकडे द्यायचा ठरला. त्याचं दुकान बाजारामागच्या गल्लीत आहे, जुन्या मोटरींच्या ढिगात एक माणूस बसेल एवढंच. त्याने डबा उघडला, भिंग लावलं आणि आतली कॉइल आमच्यापुढे धरली. केसासारखी तार हिरवी पडून जागोजागी तुटलेली.

"हिच्यावर चालवत होता?"

"चालत कुठे होती? पिवळी पडायची," हे म्हणाले.

"पिवळी काय न् काळी काय! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ही कॉइल मरून कैक वर्षं झाली, साहेब. हिच्यातून ठिणगी पडूच शकत नाही."

"मी स्वतः पाहिली," मी म्हणाले.

त्याने भिंगावरून माझ्याकडे पाहिलं.

मॅग्नेटो त्याच्याकडे होता तेवढे दिवस हे अंथरुणातून उठले नाहीत. ताप नाही, दुखणं नाही. "थंडी वाजते," एवढंच म्हणत. बाहेर ऊन मी म्हणत होतं. डॉक्टर येऊन औषध वाढवून गेले. लेकीने फोनवर मला चांगलंच फैलावर घेतलं.

वाइंडिंगवाला स्वतःच घरी आला, बोलावलेलं नसताना. मॅग्नेटो फडक्यात बांधून आणला होता.

"नवी तार भरलीय. हाताने फिरवला तर निळी पडते, करकरीत. पण हा तुमचा तुम्ही ठेवून घ्या, वहिनी."

"का हो?"

"बाकावर नुसता ठेवला होता. दुपारी कडकड करायला लागला." तो पायांकडे बघत होता. "मी हात लावला नव्हता. दोष यंत्रात नाही, एवढं सांगतो." चहालाही थांबला नाही.

मॅग्नेटो घरात आला आणि दुसऱ्या सकाळी हे उठून दाढी करत होते. मी देवापुढे डोकं टेकलं. त्यांनी मात्र तेवढ्यात शेड गाठली, डबा बसवला आणि हाक मारली. मी प्लग धरला. त्यांनी किक मारली.

एक बोट.

"शक्यच नाही!" ते ओरडले. "नवी कॉइल! नवी वायर! सगळं नवं! माझ्या आयुष्यात..." आणि स्टुलावर कोसळल्यासारखे बसले. ओठ पांढरे पडले होते.

मी एका हाताने प्लग तसाच टेकवून ठेवला, कारण तो खाली ठेवायला वेळच झाला नाही, आणि दुसऱ्या हाताने त्यांचं मनगट धरलं.

ठोका लागला. प्लगवर चट् झालं.

ठोका. चट्.

ठोका. चट्.

मग एक ठोका बुडाला. प्लगचं टोक अंधारं राहिलं.

ठोका. चट्.

माझ्या दोन्ही हातांत एकच गोष्ट चालली होती. आता कळलं पिवळी का ते. हृदय निम्म्या ताकदीवर चाललंय, डॉक्टर म्हणाले होते.

ह्यांना काही दिसलं नव्हतं. ते डोळे मिटून बसले होते. उघडले तेव्हा त्यांत निव्वळ संताप होता.

"बास झालं. ही वायरच तोडतो. मुळापासून. राहू दे मुडदा पडून."

त्यांनी उठून पक्कड घेतली.

मी मान हलवली. जोरात हलवली. दोन्ही हात आडवे केले.

"बाजूला हो."

घरात दिवा जळत होता. उघड्या दारातून मला त्याचा उजेड भिंतीवर दिसत होता. हा नेम मी ह्यांच्यासाठीच धरला होता. तो मोडला तर? आणि नाही मोडला तर?

त्यांनी माझ्या हातातून प्लग हिसकला, वायर तोडायला सोपं जावं म्हणून टोपी ओढून काढली.

पक्कड खाली पडली.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काही तरी विसरल्यासारखं पाहिलं. मग गुडघे वाकले.

"नको!" मी म्हणाले. कितीतरी महिन्यांनी दिवा जळत असताना माझा आवाज निघाला.

प्लग जमिनीवर सांडलेल्या तेलात पडला होता. बोटांतून निसटत होता. टोपीत बसेना.

बसला.

लोखंडाला टेकवला.

काहीच नाही.

"देवा, नको," मी म्हणाले. "नको. नको."

चट्.

जमिनीवर पडल्यापडल्या ह्यांनी श्वास ओढला.

त्यानंतर ह्यांनी शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही. चक्कर आली, एवढंच त्यांना आठवतं. "तुझा नेम मोडला माझ्यापायी," असं ओशाळून म्हणाले आणि गाडीचं नाव सोडलं. लेकीला वाटलं, मीच अखेर त्यांना वठणीवर आणलं. हे फिरायला जातात, शब्दकोडी सोडवतात, चहात साखर कमी पडली की कुरकुरतात. फक्त डाव्या हाताची बोटं गार असतात. उन्हात धरून बसले तरी गारच. प्लग टोपीपासून वेगळा होता तेवढ्या वेळाचं ते. आधी प्लग कितीदा निघाला होता, पण नव्या तारेवर पहिली किक मारली तेव्हापासूनच हे असं जडलं असावं.

शेडला मी कुलूप लावलंय. प्लग तांब्याच्या तारेने इंजिनाला घट्ट बांधलाय. रोज जाऊन बसते, नाव घेते, बघते. ठिणगी पिवळी आहे, पण चुकत नाही.

पण प्लगचं टोक झिजतं. ठिणगी पडेल तसं कणाकणाने जळतं. मला हे ह्यांनीच शिकवलं होतं. ठिणगी जिथून उडते ती फट वाढत चाललीय, आणि एवढ्या बारीक ठिणगीला मोठी फट ओलांडवत नाही. मी फटीवरची पट्टी अलगद दाबून फट कमी करत आले. आता दाबायला काही उरलेलं नाही.

नवा प्लग आणून ठेवलाय, पण तो दोन ठिणग्यांच्या मधल्या वेळातच बदलायला हवा. जुन्या टोपीचा एक तुकडा स्वयंपाकघरात आहे, त्यावर सराव करते. हे बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत असतात आणि मी ओट्यापाशी उभी राहून, तोंडाने ठिणगीची लय धरून, जुना काढते, नवा बसवते. चट्. चट्. हात आता चांगलाच बसलाय.

तरी दर वेळी एक ठिणगी चुकतेच.