उजवीकडून डावीकडे आलेलं स्टीअरिंग

त्याग हा स्त्रीच्या हृदयाचा अलंकार असतो, असं म्हणतात. लिब्राडाच्या बाबतीत तो हृदयापर्यंत पोचलाच नाही. तो मानेतच अडकून बसला, चौथ्या आणि पाचव्या मणक्यांच्या मधोमध. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरून तो पेनाच्या टोकानं दाखवलासुद्धा.

"एकतीस वर्षं डोक्यावर टोपली?" बाईंनी विचारलं.

"बत्तीस," लिब्राडा म्हणाली. त्यागातलं एक वर्षही कमी धरलेलं तिला खपत नसे.

"मग बत्तीस पुरे झाली. यापुढे डोक्यावर काही नाही. रुमालसुद्धा जपून."

रविवारी दुपारी, सगळे जेवायला बसलेले असताना, लिब्राडानं तो एक्स-रे उकडलेल्या कसाव्याच्या ताटाशेजारी ठेवला आणि म्हणाली, "मी गाडी घेणार आहे. सेकंडहँड. छोटी."

हातातले घास हातात राहिले! धाकटी बहीण सुनिल्दा हिनं छातीवर क्रूस काढला. तिचा नवरा बासिलियो यानं एक्स-रे उचलला, उलटा धरून बारकाईनं पाहिला आणि म्हणाला, "हं."

ज्या टोपलीनं ती मान वाकली, तिच्यात चिपा असे. कसाव्याचं पीठ, चीज, अंडी आणि बडीशेप मळून भाजलेल्या गरम कड्या… पहाटे भट्टीतून काढायच्या, टोपली डोक्यावर घ्यायची आणि आमच्या कापियाता गावच्या बसथांब्यावर उभं राहायचं. त्या टोपलीवर आईचं आजारपण निघालं, सुनिल्दाचं लग्न झालं, घरावर कौलं चढली, सर्वांत धाकटा भाऊ पोर्फिरियो टेक्निकल शाळेत शिकला. स्वतःच्या संसाराचं नाव लिब्राडानं कधी काढलं नाही. केलेल्या उपकारांचाही ती उच्चार करत नसे. म्हणजे दिवसातून एकदाच, संध्याकाळी.

आणि आता ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यातला बुधवार दहा दिवसांवर आला होता. त्या बुधवारी ज्या घरात चिपा नाही ते घर सुतकात आहे असं आमच्याकडे समजतात, आणि ज्यांना भाजायला जमत नाही ते लिब्राडाची वाट बघतात. त्या दिवशी ती थांब्यावर दिसली नाही, तर पुढच्या वर्षी तिथे दुसरी कुणी उभी असेल. बत्तीस वर्षांची जागा… एका बुधवारात जाईल! डोक्यावरून नेता येत नसेल तर गाडीतून न्यायला हवी. एवढी साधी गोष्ट होती.

पण घरात बासिलियो होता.

बासिलियोला गाड्यांतलं सगळं कळत असे. आळीत कुणीही गाडी घेतली की तो दोन्ही हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती एक फेरी मारी, आणि मालकाची झोप उडे.

"घ्यायची तर पिकअप घ्या, ताई," तो म्हणाला. "डिझेल. उंच. दारात उभी राहिली की घराण्याला शोभली पाहिजे."

"चिपा विकायला जायचंय, राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला नाही."

"ताई, हे तुझ्या भल्याचंच सांगतायत ना," सुनिल्दा डोळे पुसत म्हणाली. सुनिल्दाचे डोळे कायम पुसण्याच्या बेतात असत.

लिब्राडाला परवडेल अशी एकच गाडी होती. आनास्तासियोच्या जुन्या गाड्यांच्या आवारात, आंब्याखाली उभी. पांढरी, चणीनं लहान, सतरा वर्षांची. जपानातून बोटीनं चिलीच्या बंदरात उतरलेली आणि तिथून डोंगर ओलांडून आलेली. अशा गाड्यांचं स्टीअरिंग जन्मतः उजवीकडे असतं. आमच्याकडे ते डावीकडे लागतं. मग कुणीतरी मेकॅनिक ते उचलून डावीकडे बसवतो, उजवीकडच्या भोकात लांबी भरतो, आणि गाडी पराग्वेची होते.

"अॅव्हरेज काय देते?" लिब्राडानं विचारलं.

"लिटरला अठरा, लिब्राडाबाई," आनास्तासियो छातीवर हात ठेवून म्हणाला. "उतारावर तर उलट पेट्रोल तयार करते."

त्यानं किल्ली फिरवली. डॅशबोर्डातून एक बाई अत्यंत मृदू आवाजात जपानीत काहीतरी बोलली.

"काय म्हणतेय?"

"स्वागत करतेय."

किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. बाई तेच बोलली.

"आणि हे?"

"हेही स्वागतच. फार सभ्य देश आहे तो."

बासिलियोनं टायरला लाथ मारली, तेलाची काडी हुंगली, बॉनेटमध्ये तोंड घालून बराच वेळ काढला. ट्रायलच्या वेळी आनास्तासियोनं किल्ली पुढे केली, तर बासिलियो कडवट हसला आणि मागच्या सीटवर जाऊन डोळे मिटून बसला.

"जाणकारानं गाडी चालवायची नसते, ऐकायची असते," तो म्हणाला. "हात स्टीअरिंगवर गेले की कान बंद होतात."

कोपऱ्यावर आनास्तासियोनं वळायचा दिवा लावायला दांडी ओढली, तर कोरड्या ठणठणीत उन्हात वायपर फिरू लागले. दांड्यांची अदलाबदल जपानातूनच झालेली होती. बासिलियोनं डोळे न उघडता मान हलवली.

"मग?" परत आल्यावर लिब्राडानं विचारलं.

"हं," बासिलियो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा ऐकायला गेला आणि "बघू" म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्यानं सांगितलं की इंजिनाच्या आवाजात एक प्रकारची उदासी आहे.

"उदासी!" लिब्राडाचा इतक्या वर्षांचा संयम सुटला. "बासिलियो, घेऊ की नको? हो की नाही?"

"ताई, गाडीचं असं हो-नाहीत सांगता येत नाही."

"माझ्याजवळ आठ दिवस राहिलेत!"

"घाईत घेतलेली गाडी—"

"तुम्हाला घेतलं तेव्हा मी घाईच केली होती!" ती कडाडली. "सुनिल्दाच्या लग्नाआधी मी कुणाला आणलं होतं तुम्हाला ऐकायला? टायरला लाथ मारली होती? घेतला तसा घेतला ना जावई!"

सुनिल्दानं हंबरडा फोडला. "ताई, तू आम्हाला बोलून दाखवतेस… तू!"

"मी काहीही बोलून दाखवत नाही!" लिब्राडा उठून उभी राहिली. "आयुष्यभर मी कुणाला विचारलं नाही की अमुक घेण्यालायक आहे की नाही. औषधं घेतली, कौलं घेतली, वह्या-पुस्तकं घेतली… सगळ्यांसाठी घेतलं! आणि आज माझ्यासाठी एक, एकच पांढरी डबडी घ्यायची, तर तिला उदासी आहे!"

ती बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. मान दुखत असल्यामुळे तिला खाली घालता येईना, त्यामुळे ती ताठ मानेनं रडली.

चौथ्या दिवशी ती एकटीच आवारात गेली. कुणाला न सांगता, मणक्यांची पर्वा न करता ती गाडीत पाय ठेवायच्या जागेत आडवी झाली आणि तिनं डॅशबोर्डखाली पाहिलं. का पाहिलं, तिलाही सांगता आलं नसतं. बासिलियोनं तेवढंच पाहिलं नव्हतं म्हणून असेल. तिथे, हलवलेल्या स्टीअरिंगच्या शाफ्टच्या वेल्डिंगशेजारी, पत्र्यावर एक अक्षर कोरलेलं होतं. शेपूट वळवलेला पी.

तसाच पी तिच्या भट्टीच्या लाकडी फावड्यावर होता. सात वर्षांच्या पोर्फिरियोनं कोरलेला. त्याबद्दल तिनं त्याला मारलं होतं आणि मग गरम चिपा दिली होती.

पोर्फिरियो तीन गल्ल्या पलीकडे राहत होता. नऊ वर्षांत ती त्या गल्लीतून गेली नव्हती.

त्याचं असं झालं होतं. गॅरेज नवं होतं, आणि पोर्फिरियोनं स्टीअरिंग हलवून दिलेली शेजाऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळताना फक्त स्टीअरिंग वळलं. गाडी सरळ गेली आणि टरबुजांच्या ढिगात थांबली. कुणाला लागलं नाही. पण त्या रविवारी सगळं घर तेरेरे प्यायला जमलं असताना लिब्राडा म्हणाली होती, "तू हात लावलेल्या गाडीत मी माझं कुत्रंसुद्धा बसवणार नाही." थंड पाण्यातला तो कडू पाला आमच्याकडे सगळे एकाच पेल्यातून, एकाच नळीनं पितात, पेला फिरत फिरत येतो आणि येईल तेव्हा घ्यायचा असतो. त्या दिवशी तो पोर्फिरियोपर्यंत आला, आणि त्यानं घेतला नाही. उठून गेला. पेला नऊ वर्षं हवेत धरल्यासारखा राहिला.

लिब्राडा पुढे चालत, आनास्तासियो गाडी घेऊन मागे… अशी ती वरात गॅरेजसमोर पोचली. आत एका गाडीखालून फक्त दोन पाय बाहेर आले होते. तिनं पाय ओळखले. डावा मोजा उलटा होता. त्याला मोजे कधी सुलटे घालता आले नाहीत.

"एक गाडी बघून हवी आहे," ती पायांना म्हणाली.

पाय एकदम स्तब्ध झाले.

"कुणासाठी?" गाडीखालून आवाज आला.

"माझ्यासाठी. घेऊ की नको, ते सांग."

"दाजींना दाखवलीस?"

"दाखवली. त्यांनी ऐकली."

"मग?"

"उदास आहे म्हणाले."

पाय हलले. हसत होते की काय! मग पोर्फिरियो बाहेर आला, आणि लिब्राडाला दिसलं की तिच्या धाकट्या भावाचे केस पिकले आहेत… तिला न विचारता! पांढऱ्या गाडीत शिरला, आडवा झाला, बॅटरीचा झोत टाकला. बराच वेळ गेला. बाहेर आला तेव्हा चेहरा उतरला होता.

"घेऊ नकोस."

"का?"

"हे काम माझं आहे."

"ते पाहिलं मी. पी दिसला."

"नऊ वर्षांपूर्वीचं आहे. पहिल्या पाचांतलं." तो चिंध्यांना हात पुसत राहिला, स्वच्छ झालेले हातही पुसत राहिला. "तेव्हा मला येत नव्हतं, ताई. पुढे शिकलो. तुझ्यावरच्या रागानं शिकलो… पण तेव्हा येत नव्हतं. शाफ्ट झिजलाय, वेल्डिंगचा टाका तडकलाय." त्याचा आवाज फाटला. "हिच्यात कुत्रंसुद्धा बसवू नकोस!"

"अहो पोर्फिरियोसाहेब," आनास्तासियो कळवळून म्हणाला, "नऊ वर्षं चालली की ती!"

"नशिबावर."

याच क्षणासाठी लिब्राडानं किती वाक्यं तयार ठेवली होती! एकेक घासून, पुसून, धार लावून… आणि त्यांतलं सर्वांत धारदार वाक्य तोच बोलून बसला होता. आता तिच्याजवळ काही उरलंच नव्हतं.

"आणि आत्ता केलंस तर?" तिनं विचारलं.

त्यानं मान वर केली.

"आत्ता… सगळं पुन्हा सोडवावं लागेल. नवा शाफ्ट. तीन दिवस."

"माझ्यासमोर करायचं."

"तुझ्यासमोर."

"मग मला खुर्ची लागेल. पाठीला टेक असलेली."

"मानेला काय झालं?"

"तुझी टेक्निकल शाळा झाली," लिब्राडा म्हणाली.

आणि मग तो पोरासारखा रडला! तीही रडली, ताठ मानेनं. आनास्तासियोनं दुसरीकडे पाहिलं आणि कुणी न मागता किंमत थोडी उतरवली, कारण तडकलेला टाका दोन साक्षीदारांनी पाहिला होता. लिब्राडानं खांद्यावरची तेरेरेची पिशवी उतरवली, तिच्यातल्या पेल्यात पाला भरला, पाणी ओतलं आणि हात पुढे केला.

पोर्फिरियोनं पेला घेतला. नळी तोंडात धरून शेवटचा थेंब खळखळेपर्यंत ओढला.

"पाणी कोमट झालंय," तो म्हणाला.

"सवयीनं लांबच्या रस्त्यानं आले."

तीन दिवस ती खुर्चीत बसून होती. पोर्फिरियोनं एकेक टाका घातला आणि प्रत्येक टाका तिला दाखवला. बासिलियोही येऊन मागे हात बांधून उभा राहत असे. टाका तडकल्याचं कळल्यावर तो फक्त एवढंच म्हणाला, "मी उदास म्हणालोच होतो."

बुधवार उजाडला. भट्टीतून तीनशे कड्या निघाल्या. पांढरी गाडी दारात धुऊन उभी होती. आरशाला सुनिल्दानं जपमाळ बांधली होती. आळी जमली. चालवणार कोण, हा प्रश्न कुणाच्या मनातही आला नव्हता. एवढा जाणकार घरात असताना!

बासिलियो इस्त्रीचा सदरा घालून स्टीअरिंगमागे बसला. आरसा नीट केला. सीट पुढे घेतली, मग मागे घेतली. किल्ली फिरवली. जपानी बाई बोलली. त्यानं किल्ली बंद केली. पुन्हा फिरवली. बाई पुन्हा बोलली.

"काय झालं हो?" सुनिल्दानं विचारलं.

"ऐकतोय."

चिपा निवू लागल्या. लिब्राडा मागच्या सीटवर ताठ बसली होती. बत्तीस वर्षांत पहिल्यांदाच टोपली तिच्या मांडीवर होती, आणि तिची ऊब पोटाला लागत होती. बाई पाचव्यांदा बोलली. थांब्यावरून पहिली बस गेल्याचा आवाज आला.

तेवढ्यात पोर्फिरियो पेला हातात घेऊन गल्लीच्या तोंडाशी आला. त्यानं गाडीकडे पाहिलं, बासिलियोच्या कपाळावरच्या घामाकडे पाहिलं. पेला खिडकीतून बहिणीच्या हातात दिला आणि दार उघडलं.

"दाजी, सरका."

बासिलियो उजवीकडे सरकला. गाडी सुरू झाली, वायपर फिरवत कोपऱ्यावर वळली, आणि वळली तेव्हा सबंध वळली.

बासिलियोला गाडी चालवता येत नव्हती.