हौदातला फिकट गाळ

सोमवारी सकाळी नदीवरच्या पंपवाल्याचा फोन आला. "बाई, मासे उलटे पडलेत. काय सोडलंय तुम्ही?"

सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेतल्या बाई तडक मोठ्या हौदावर गेल्या. या हौदात ब्लोअर रात्रंदिवस हवा फुंकतो. त्या हवेवर जगणारे गाळातले जिवाणू गावाची घाण खातात, आणि मगच पाणी नदीत जातं. एरवी तपकिरी असणारा गाळ आज फिकट पडला होता. वर पांढरा फेस. दुर्गंधी जवळजवळ नव्हती. प्राणवायूचा मीटर साडेसहा दाखवत होता. तो कधी दोनच्या वर जात नसे. सूक्ष्मदर्शकाखाली एकही जीव हलेना.

त्यांनी केंद्रात येणारं सांडपाणी तपासलं. त्यात विष नव्हतं.

साहेबांच्या खोलीत निकाल लागल्यातच जमा होता.

"काल रविवार. कामावर मामा एकटे," साहेब म्हणाले. "ब्लोअर बंद करून ताणून दिली. आज निलंबन."

ब्लोअर चालवणारे मामा दाराशी उभे होते. निवृत्तीला अठरा दिवस उरले होते. "पोरी, ब्लोअरला मी हात लावला नाही," ते बाईंना म्हणाले.

साक्षीदार होता स्टोअरकीपर. काल तो साठा मोजायला आला होता. मामांकडे पाठ करून तो ताठ उभा होता. या दोघांत बोलणं नव्हतं. मागणीची चिठ्ठीसुद्धा एकाने टेबलावर ठेवायची, दुसऱ्याने तो गेल्यावर उचलायची. बाई दोन वर्षं हे पाहत होत्या. कारण कुणी सांगत नसे.

"किती वाजता आलात?" बाईंनी विचारलं.

"दहाला. गेलो चारला."

"ब्लोअर?"

"बंद. पूर्ण वेळ."

"मीटर पाहिलात?"

"पाहिला की. शून्य होता. हवाच नाही तर प्राणवायू कुठून येणार, मॅडम?"

"बसा ना."

"उभाच बरा आहे."

बाई तासाभरासाठी बाहेर गेल्या. परतल्या तेव्हा हातात स्टोअरकीपरकडून मागून घेतलेली स्टोअरची किल्ली होती.

"साहेब, ब्लोअर सहा तास बंद राहिला असता तर गाळ तळाला बसून काळा पडला असता. सडक्या अंड्यांच्या वासाने आपल्याला इथे बसवलं नसतं. हा हौद नीट ढवळलेला आहे. मीटर चढला, कारण हवा येत राहिली आणि ती खाणारं कुणी उरलं नाही. जिवाणू गुदमरले नाहीत, त्यांना मारलंय."

"कशाने?"

"क्लोरीनच्या द्रावणाने. शुद्ध झालेल्या पाण्यात आपण शेवटी तेच टाकतो. गाळात ते लगेच खपतं, मागमूस राहत नाही. हौदात परत जाणारा गाळ ज्या टाकीतून जातो, ती स्टोअरच्या मागेच आहे. आत्ता मी स्टोअरमधला कॅन न् कॅन तपासला. बावीस कॅनमध्ये नळाचं पाणी भरलंय. किल्ली एकाकडेच असते. आणि मीटर शून्यावर होता, असं सांगणाराही एकच."

साहेब स्टोअरकीपरकडे वळले.

"मोजणीत कॅन पुरे भरायला हवेत, एवढं सुचलं," स्टोअरकीपर म्हणाला. "मीटरचं ठाऊक नव्हतं. आमचं शिक्षण तेवढंच."

"खालच्या गावांत ते पाणी पितात."

"माझा धाकटा भाऊ यांच्या पाळीत पंपाच्या खड्ड्यात उतरला. वायूने गेला. अकरा वर्षं झाली. चौकशीत हे म्हणाले, वायू तपासला होता, भाऊच न विचारता उतरला. आईने ते ऐकलं. मरेपर्यंत ती त्यालाच दोष देत राहिली. हे मात्र हार घालून घरी जाणार होते. मला यांना मान खाली घालायला लावून फाटकाबाहेर काढायचं होतं."

"मामा?" बाई हळूच म्हणाल्या.



"तपासला नव्हता," ते म्हणाले. "पंप अडकला होता, वरून घाई होती. मीच उतर म्हणालो त्याला."

स्टोअरकीपरने खुर्ची ओढली आणि पहिल्यांदाच बसला. फोनकडे गेलेला साहेबांचा हात त्याने अडवला.

"पोलिसांना मग बोलवा, साहेब. आधी यांनी सांगितलं ते लिहून घ्या. माझं नंतर लिहा."