दुसरी गाठ

भेटीची वेळ संपली. सासूबाईंनी रिकामा डबा पिशवीत टाकला आणि जाता जाता ऐकवलंच, "आमच्याकडे कुणाला असं पडून राहावं लागलं नाही हो!" नवरा परगावी नोकरीला. वॉर्डात उरली ती एकटी, आणि पडद्यापलीकडची रिकामी खाट.

तिची आधीची दोन्ही बाळं पाचव्या महिन्यातच गेली होती. कळा नाहीत, काही नाही. गर्भाशयाचं तोंड आपोआप उघडलं. म्हणून या खेपेला डॉक्टरीणबाईंनी त्या तोंडाभोवती टाका घालून ते आवळून घेतलं होतं.

"कुलूप लावलंय," सिस्टर हसून म्हणाली होती. "गाठीची टोकं मुद्दाम लांब ठेवतात. नवव्या महिन्यात टाका काढताना सापडायला नकोत का? तोवर बाईसाहेब, आराम!"

आराम! भिंतीकडे बघत दिवस ढकलण्याला आराम म्हणणाऱ्यांना एकदा इथे आणून झोपवायला हवं, असं तिला वाटायचं. बोलायला माणूस नाही. पोटातल्या बाळाशी तरी किती बोलणार?

त्या संध्याकाळी ओटीपोटात कळ आली. मग आणखी एक. तिने घंटीचं बटण दाबलं. कुणी आलं नाही. बाहेरचा नळ तेवढा टपटपत होता. औषधांच्या वासात हळूहळू ओल्या, जुन्या कापडाचा वास मिसळला.

"हलू नकोस गं..." पडद्यापलीकडून बाईचा आवाज आला.

"कोण आहे? सिस्टरना हाक मारा ना... माझं बाळ जाईल हो!"

"नाही जाणार. मी धरते आवळून. मलाही टाका होता. सोडवायला कुणी आलंच नाही, बाळ आतच राहिलं... तू सोडवशील?"

"हो, हो! म्हणाल ते करीन!"

पडदा हलला नाही. पण आत खोलवर काहीतरी गार सरकलं, वळसा घेऊन घट्ट बसलं. कळा थांबल्या.

सिस्टर धावत आली, तिने पडदा सारून दाखवला. खाटेवर नुसती गुंडाळलेली गादी. "कोण असणार इथे? एकटीने पडून पडून भास होतात, ताई."

नववा महिना लागला. भर दुपारी, तिच्याच खाटेवर, डॉक्टरीणबाई टाका काढायला बसल्या. निळा धागा कापून त्यांनी ट्रेमध्ये टाकला आणि त्या थबकल्या.

"वर आणखी एक गाठ आहे. काळा धागा... आधी कुठे टाका घालून घेतला होता का?"

"नाही."

"मीही एकच घातला होता."

या वेळी सिस्टर हसली नाही.

"कापा," खाटेवरून ती म्हणाली. "मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

तिने पडद्याकडे बघितलं. कात्री वाजली. आणि पडद्यापलीकडे, त्या गुंडाळलेल्या गादीपाशी, नुकतंच जन्मलेलं बाळ रडू लागलं.

तिने पोटावर हात ठेवला. सकाळपासून लाथा मारणारं तिचं बाळ एकदम गप्प झालं होतं... कान देऊन ऐकत असल्यासारखं.