‘झालं’ म्हणायचं राहिलं

काढलास माझा फोटो? मग तोंडाने ‘झालं’ म्हण की. नुसता मोबाईल खाली घेतलास, मी कधी हलायचं ते मला कसं कळणार?

हसा, हसा. गेली सहा वर्षं कुणी माझा फोटो काढला की ‘झालं’ ऐकू येईपर्यंत मी मान हलवत नाही. लोक म्हणतात म्हातारा चळला. म्हणू देत. का ते सांगतो, पण मध्ये कुणी उठायचं नाही. ज्याला पाणीबिणी प्यायचंय त्याने आत्ताच पिऊन यावं. आणि जिन्यातला दिवा राहू दे चालू.

मी एक्स-रे काढायचो, तुम्हाला माहीतच आहे. तीस वर्षं एकाच हॉस्पिटलात. आमच्या कामात बोलायचे शब्द दोनच. ‘श्वास रोखा’ आणि ‘सोडा’. नवीन होतो तेव्हा एकदा ‘सोडा’ म्हणायला विसरलो. फिल्म घेऊन आत गेलो, परत येऊन बघतो तर आजोबा लालबुंद होऊन तसेच उभे! माणूस सांगितलेलं ऐकतो, बाबांनो. आजारी माणूस तर फारच ऐकतो.

हॉस्पिटलच्या समोर माझ्या मित्राचा फोटो स्टुडिओ होता. त्याला सगळे ‘फोकस’ म्हणायचे. खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागायचं. पासपोर्टचे फोटो, लग्नाचे फोटो, अख्ख्या गावाची तोंडं त्याच्या कपाटात पडलेली. फक्त त्याच्या आईचा फोटो नव्हता. एकही नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

त्याने कॅमेरा रोखला की म्हातारी हसत उजवा हात पुढे धरायची. “माझा काय काढतोस? गिऱ्हाइकांचे काढ!” मग फोटोत यायचा तो नुसता तिचा पंजा, हललेला, धुरकट. असले चाळीस-पन्नास तरी फोटो त्याने फेकले असतील. म्हणायचा, “हललेला फोटो काय ठेवायचा?”

त्या हाताची करंगळी वाकडी होती. फोकस शिकाऊ होता तेव्हाची गोष्ट. घरातल्या अडगळीच्या खोलीत अंधार करून फोटो धुवायचा. एकदा आई चहा घेऊन आली, याने उजेड नको म्हणून धाडकन दार लावलं आणि तिचं बोट चौकटीत सापडलं. पण माउली ओरडली नाही. दार उघडलं तर पोराचा फोटो जाईल ना! दोन मिनिटं तशीच उभी राहिली, आतून ‘झालं’ असं ऐकू येईपर्यंत. हे तो मला दर वेळी सांगायचा आणि दर वेळी रडायचा.

तर ती म्हातारी आमच्या आयसीयूत होती. बेड नंबर सात. मंगळवार होता, संध्याकाळचे साडेसहा. मी कुणाचीतरी फिल्म द्यायला वर चाललो होतो. साधं काम. जिन्यात फोकस उभा. गळ्यात कॅमेरा.

“डॉक्टर म्हणाले आजची रात्र,” तो म्हणाला. “माझ्याकडे तिचा एक फोटो नाही रे.”

“आत मनाई आहे, फोकस. दारावर हातभर बोर्ड लावलाय.”

नियम उगाच नव्हता. आदल्या वर्षी कुणीतरी आतला व्हिडिओ काढून गावभर फिरवला होता, एका बाईची पार अब्रू गेली. तेव्हापासून आत मोबाईलसुद्धा काढू द्यायचे नाहीत. फोकसने दुपारीच सिस्टरला विचारलं होतं, डॉक्टरला विचारलं होतं, ऑफिसात अर्ज दिला होता. अर्जावर शेरा काय, तर ‘सोमवारी भेटा’. सोमवारपर्यंत कोण थांबणार होतं?

त्याने माझे पाय धरले. भर जिन्यात. मला नाही म्हणता आलं नाही. माझं कार्ड लावून दार मी उघडलं, हे लक्षात ठेवा.

सिस्टर पलीकडच्या बेडजवळ होती. म्हातारी जागी होती, डोळे स्वच्छ. याने तिचे केस नीट केले. छातीवर त्या चिकटवलेल्या वायरी असतात ना, त्या दिसू नयेत म्हणून तिचा उजवा हात उचलून छातीवर आडवा ठेवला. “आई, आज हात पुढे करायचा नाही हं.” ती चक्क मानेनं ‘हो’ म्हणाली. जन्मात पहिल्यांदा! हा मागे सरकला. “इकडे बघ... हां, अशीच. हलू नकोस.”

बटण दाबणार, तेवढ्यात वॉचमनने मागून कॉलर धरली.

“एक सेकंद! दादा, एकच सेकंद, पाया पडतो!” कसला सेकंद आणि कसलं काय. त्याला ओढत दोन दारांच्या बाहेर काढला. मी फिल्म हातात घेऊन भिंतीला चिकटून उभा. भेकड माणूस मी. दार बंद होताना काचेतून दिसली ती. दाराकडे बघत होती. हात छातीवर. अगदी सांगितल्यासारखी.

पहाटे चार वाजून दहा मिनिटांनी गेली.

सिस्टरने दुसऱ्या दिवशी मला सांगितलं, “काका, डोळे मिटेनात हो त्यांचे. हातही छातीवरून निघेना.” मी म्हटलं, होतं असं कधीकधी. फोकसचा फोटो मात्र लागला. दारावरच्या सीसीटीव्हीतून काढून वॉचमनच्या टेबलावर चिकटवला, खाली लिहिलं, ‘याला आत सोडू नये’.

त्यानंतर बेड नंबर सातवर एक ट्रक ड्रायव्हर आला. पहिल्याच रात्री बेल वाजवून म्हणाला, “सिस्टर, माझ्या छातीवरचा हात काढा. गार लागतोय.” त्याला दुसऱ्या बेडवर हलवला तर गाढ झोपला. मग एक शिक्षिका आल्या. त्याही तेच म्हणाल्या. वर म्हणाल्या, “जड नाही हो. पण जराही हलत नाही.”

कळलं मला. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं, पण मला कळणारच. त्या आजोबांना ‘सोडा’ म्हणायला मीच विसरलो होतो ना!

‘हलू नकोस’ म्हणाला होता तो. ‘झालं’ म्हणायचं राहिलं होतं.

तरी मी गप्प बसलो. असलं काही सांगितलं असतं तर मलाच भरती केलं असतं. पण तिसरा पेशंट वीस वर्षांचा पोरगा होता. मोटारसायकलवरून पडलेला, तोंडात नळी. त्याला बोलता येत नव्हतं. हॉस्पिटल भरलेलं, दुसरा बेड नव्हता. रोज रात्री त्याचा ऑक्सिजन उतरायचा आणि डॉक्टरांना कारण सापडायचं नाही. त्याची आई बाहेरच्या बाकावर बसून असायची. चप्पलसुद्धा काढायची नाही, बोलावलं तर धावायला उशीर नको म्हणून. तिच्या समोरून जाताना माझी मान वर होईना.

शेवटी गेलो फोकसकडे. सगळं सांगितलं. मला वाटलं घाबरेल.

त्याचे डोळे चमकले. “म्हणजे ती अजून तिथेच आहे?”

तेव्हाच ओळखायला हवं होतं मी.

दोन-तीन आठवडे झाले असतील. गुरुवारची रात्र. दोन वाजून पस्तीस मिनिटं. पोरगा फारच खालावला, डॉक्टरांनी बेडवरच एक्स-रे काढायला सांगितला. असं असलं की आम्ही चाकांचं मशीन वर नेतो. फोकसला मी अंगात शिशाचा जाड एप्रन घातला, टोपी, मास्क. मदतनीस म्हणून मशीन ढकलायला लावलं. वॉचमन फोकसच्याच फोटोशेजारी बसून जांभई देत होता. “जा, काका.”

गेलो आत.

आत दिवे मंद होते. मशीनची टिकटिक, बास. पोराच्या पाठीखाली प्लेट सरकवली. सिस्टर नियमाप्रमाणे भिंतीआड गेली. आम्ही दोघेच.

“म्हण आता,” मी कुजबुजलो. “म्हण आणि चल.”

त्याने एप्रनखालून मोबाईल काढला.

“फोकस... नको.”

“एकच. एकच काढतो.” मोबाईल समोर धरला त्याने. बेडवरून हळूहळू फिरवला. मग... थांबला. “आहे रे. आहे ती... बघतेय माझ्याकडे.”

मी मोबाईलच्या पडद्याकडे पाहिलं नाही. देवाशप्पथ नाही पाहिलं. पोराकडे पाहिलं. त्याच्या अंगावरचा गाऊन छातीवर दबलेला होता. पाच बोटांएवढा. वर काहीच नव्हतं.

मॉनिटरवर ऑक्सिजनचा आकडा नव्वदवर होता. अठ्ठ्याऐंशी.

“दमलीय रे ती,” फोकस म्हणाला. “डोळ्यांतून पाणी येतंय. पापणी नाही हलवत.”

“तू हलू नकोस म्हणालायस!”

“मग मी झालं म्हटलं की... जाईल ना?”

मी आकड्याकडे पाहिलं.

चौऱ्याऐंशी.

“माझ्याकडे काहीच राहणार नाही. काहीच.” पोरासारखा रडत होता. अंगठा बटणावर.

एकोणऐंशी. अलार्म सुरू झाला. पलीकडे सिस्टरच्या चपला वाजल्या.

“बाहेर एक आई बसलीय, फोकस.”

त्याने दाराकडे पाहिलं.

चौऱ्याहत्तर.

पोराची बोटं निळी पडायला लागली.

सत्तर...

मोबाईल खाली आला. नुसत्या डोळ्यांनी त्या बेडकडे बघत, हळू आवाजात, स्टुडिओत म्हणायचा ना, अगदी तसा...

“झालं, आई... झालं.”

त्याच क्षणी माझ्या हातून एक्स-रेचं बटण दाबलं गेलं. सवयीने म्हणा, भीतीने म्हणा. मशीन वाजलं.

गाऊन वर आला. पोराने एवढा मोठा श्वास घेतला, की मीच दचकलो.

सिस्टर धावत आली. आकडा वर चढत होता. “काका, झाला का एक्स-रे?”

“झाला,” मी म्हटलं.

खाली येऊन प्लेट मशीनमध्ये घातली. पडद्यावर पोराच्या बरगड्या, हृदय, नळी, सगळं जिथल्या तिथे. आणि त्यावर एक हात. मधलं बोट, तर्जनी, सगळी हाडं मोजता येतील अशी, कडा तेवढ्या धुरकट. करंगळी वाकडी.

डॉक्टरांना मी सांगितलं, फिल्म खराब झाली. दुसरी काढली, ती स्वच्छ आली. पोरगा बाराव्या दिवशी आईच्या खांद्यावर हात ठेवून घरी गेला. खराब झालेली नियमाने मशीनमधून पुसून टाकायची असते. त्याआधी मी तिची एक प्रत फिल्मवर काढली आणि फोकसला दिली.

त्याने ती ट्यूबलाइटसमोर धरली. फोटोवाला माणूस, सवयीप्रमाणे आधी दोष बघितला.

“हललाय,” तो म्हणाला. आणि खाली बसून ढसाढसा रडला.

फोकस गेला दोन वर्षांपूर्वी. त्याची बायको स्टुडिओ चालवते. काउंटरच्या मागे खिडकीच्या काचेला ती फिल्म अजून लावलेली आहे. उद्या सकाळी जाऊन बघा, खोटं वाटत असेल तर. कुणी विचारलं तर ती सांगते, सासूबाईंचा फोटो.

एक गोष्ट मी फोकसला कधी बोललो नाही. त्यालाही दिसलीच असेल म्हणा. छातीवर ठेवलेला हात आडवा असतो. फिल्ममधला हात उभा आहे. बोटं वर, पसरलेली, कॅमेरा रोखला की धरायची तशी. आणि अंगठा कुठल्या बाजूला आहे त्यावरून आम्हा एक्स-रेवाल्यांना कळतं...

तळहात आमच्याकडे आहे.