मागून येणारा आवाज

सोयाबीनची काढणी सुरू झाली की आयांना शेतातून यायला उशीर होतो, म्हणून त्या दिवसांत मी अंगणवाडी दुपारनंतरही उघडी ठेवते. उदगीरकडचं आमचं गाव लहान. लेकरांना दुसरं कोण बघणार?

त्या दिवशी शिवगंगा तिच्या अंबिकेला सोडताना म्हणाली, "बाई, पोरगी पायाळू हाय. गरजाया लागलं की भाईर सोडू नका."

पायांकडून जन्मलेल्यावर वीज पडते, असं आमच्याकडे मानतात. मी हसले, पण शब्द दिला.

दुपार कलली आणि आभाळ काळंभोर झालं. लाईट गेली. पत्र्यावर पाऊस कोसळू लागला, दारासमोरून पाण्याचा लोंढा वाहू लागला. कोंडलेल्या खोलीत खिचडीचा वास दाटला. लेकरं रडायला लागली.

"भिऊ नका रे. वीज चमकते अन् गरजते एकदमच. पण उजेड पळत येतो, आवाज मागून रमतगमत. जितका उशिरा आवाज, तितकी वीज लांब."

"मग म्हातारी हरभरे भरडती म्हणत्यात, ती?" तनुजाने विचारलं.

"ती जेवायला गेली."

लेकरं खुदकन हसली. तेवढ्यात वीज चमकली.

खिडकीच्या गजांना धरून शिवगंगा उभी होती. तिचं तोंड हललं. मग अंधार. गडगडाटही विरला, आणि त्यानंतर कधीतरी हाक आली, "अंबिके... ये..."

"माय लई लांब हाय," अंबिका कुजबुजली.

लांब? तिची बोटं तर गजांवर होती... आणि डोक्यावरचा पदर कोरडा.

मी अंबिकेला मांडीवर ओढलं, दाराला पाठ लावली. पुन्हा वीज. या वेळी हाक लवकर आली. पुढच्या विजेला आणखी लवकर. बाहेर लोंढा, आत लेकरं. जाणार कुठे?

मग ओठ हलले आणि हाक आली, एकदमच.

मी अंबिकेच्या तोंडावर हात ठेवण्याआधीच तिने ओ दिली, "आले गं माय!"

खिडकी रिकामी झाली.

पाऊस ओसरल्यावर शिवगंगा धावत आली. चिंब भिजलेली, गुडघ्यापर्यंत चिखल.

"खळ्यावरच अडकले होते, बाई. सोडली न्हाई न भाईर?"

"नाही गं. मांडीवरच होती."

तिने लेकीचे मुके घेतले. "बाईला येते म्हण."

अंबिकेने माझ्याकडे पाहिलं. तिचे ओठ हलले, मिटले. आईचं बोट धरून ती पायऱ्या उतरली, मारुतीच्या पाराला वळसा घालून दिसेनाशी झाली.

मग आवाज आला...

"येते, बाई."