मागच्या चाकातली हवा

केसात खोवायची पितळी पिन.

कसाव्याचे गरम वडे, आत लाल मिरचीचं सारण.

धुकं. एवढं की गाय आधी ऐकू येते, मग दिसते.

पायाने दाबायचा पंप, निळा.

आणि माझा राग.

मी इमास. जावातल्या पांगालेंगानच्या चढावर दूध जमा करायचं केंद्र आहे, तिथे रोज सकाळी दूध तपासते. पाणी घातलेलं दूध परत पाठवते, मग आणणारा सख्खा मामा का असेना. लबाडी मला खपत नाही. आणि आठवडाभर माझ्याच मोटरसायकलच्या मागच्या चाकातली हवा कुणीतरी काढत होतं.

गाडी ढकलत उतारावरच्या गुमिलारच्या पंक्चरच्या दुकानात न्यायची. तो ट्यूब पाण्यात बुडवायचा. बुडबुडा नाही. खाली मान घालून म्हणायचा, पंक्चर नाहीये. हवा भरायचा, व्हॉल्व्हचं टोपण फडक्याने पुसायचा — फारच वेळ पुसायचा — आणि जाताना एकदाच वर बघायचा. त्या बघण्याने मला काही व्हायचं नाही.

बरं, व्हायचं. पण राग जास्त होता.

शेवटी म्हटलंच, "गिऱ्हाईक मिळवायची रीत छान आहे, कांग." आमच्याकडे तरुण पुरुषाला मानाने कांग म्हणतात; मी म्हटलं टोमण्याने.

तो कानापर्यंत लाल झाला. फळीवरून पंप काढून पुढे ठेवायला लागला. यातला एक घ्या म्हणे, मग इथवर यावं लागणार नाही.

म्हणजे मला कटवतोय? आता माझं तोंडही नको?

"नीट दाखवा," मी ठसक्यात म्हटलं. "उगीच काहीतरी गळ्यात मारू नका."

बॅटरीचा पंप मुठीत मावणारा, हवेचा आकडा लावला की आपोआप थांबणारा. मला आवडला. तो म्हणाला, इथल्या थंडीत बॅटरी मान टाकते. मग हाताचा?

"सायकलला ठीक. तुमचे खांदे भरून येतील, चाक नाही भरणार."

"माझ्या खांद्यांची काळजी तुम्ही नका करू."

"मग... कोण करतं?"

मी हाताचा पंप रागाने फळीवर आदळला.

राहिला निळा पायपंप. त्याची नळी वळणारी, कारण ताठ नळी आऱ्यांमधून व्हॉल्व्हपर्यंत जात नाही. गमबुटाने दाबून पाहिला. पंप उत्तम होता, याचाच संताप.

"आता येणं बंद," मी म्हटलं.

"हो," तो म्हणाला. नुसतं हो.

दुसऱ्या दिवशी हातमोजे गाडीवर राहिले म्हणून केंद्रातून परत फिरले. चाकापाशी माक ओनिह उकिडवी बसलेली. केंद्राच्या फाटकाशी वडे विकते ती; माक म्हणजे आई, सगळेच तिला तसं म्हणतात. अंबाड्यातली पिन व्हॉल्व्हमध्ये खुपसलेली आणि हवा सुस्स...

"माक."

ती दचकलीसुद्धा नाही. "काय करू, नेंग, पोरी? माझं पोरगं तोंड उघडत नाही. म्हटलं, तू तरी जात राहा त्याच्याकडे."

"कुठलं पोरगं?"

"गुमिलार. आणि त्या गाढवाने तुला पंप विकला."

मी तिला बोल बोल बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं, सारोंग वर खोचला, माझाच निळा पंप चाकाला लावला आणि स्वतः पाय मारून हवा भरून दिली. वर एक वडा. तोही रागातच खाल्ला.

काम आटोपलं तशी थेट त्याच्या दारात.

"तुम्हाला माहीत होतं."

"टोपणावर वड्यांचं तेल असायचं," तो म्हणाला.

"मग बोलला का नाहीत?"

"माकला चोर कसं म्हणू? म्हणून पंप दिला."

"मला कटवायला."

"नाही हो..." तो कितीतरी वेळ हात पुसत राहिला. "हवा गेली की तुम्ही येता. हवा असताना येता का — ते बघायचं होतं."

मी मागे वळून पाहिलं. चाक टम्म भरलेलं.

"मी भांडायला आलेय."

"चालेल," तो म्हणाला, आणि या वेळी खाली बघितलं नाही. "रोज या."

त्याने स्टूल पुढे सरकवलं. राग बराच शिल्लक होता, म्हणून बराच वेळ बसले.

महिनाभर आधी, मी पहिल्यांदा त्याच्या दुकानात गेले, तेव्हा चाकात खराच खिळा होता. ती भेट तरी कुणाच्या लबाडीची नव्हती.