अक्कलदाढेची साक्ष

उर्जिताला फलकावरचा एक शब्द काही केल्या पटेना. इंग्लंडमधल्या यॉर्कजवळच्या एका खेड्यात जवळपास अकराशे वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला होता. उशाशी कुऱ्हाड, कमरेशी शिंगाचा कंगवा. फलकावर लिहिलं होतं, ‘समुद्रापारचा लुटारू’. आणि उद्या तो फलक सगळ्या गावासमोर वाचायचा मान दहा वर्षांच्या उर्जितालाच मिळाला होता.

“हा लुटारूच कशावरून?” तिने आत्याला विचारलं. आत्या म्हणजे डॉ. वैजयंती सबनीस, या उत्खननाच्या प्रमुख.

उत्तर दिलं ठोंब्याने. हा आत्याचा यंत्रमानव. हुशार, पण मध्ये तोंड घालायची खोड भारी. “पहिल्या दाढेवरून. खडकांतला स्ट्रॉन्शियम नावाचा धातू पाण्यात उतरतो, पाण्यातून पोटात आणि तिथून दातांत. त्याची समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे कमी-अधिक वजनाचे अणू) मुलखामुलखात वेगळ्या प्रमाणात असतात. या दाढेतलं प्रमाण नॉर्वेचं आहे. सोबत कुऱ्हाड. म्हणजे लुटारू.”

“आणि पुढे पाणी बदललं तर?”

“दंतवल्क (दातावरचं कठीण कवच) एकदा बनलं की बदलत नाही,” आत्या म्हणाली. “पहिल्या दाढेचं साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत बनतं.”

उर्जिताने जिभेने आपली दाढ चाचपली. तिसऱ्या वर्षी ती वाईला होती. “मग माझी दाढ म्हणणार, मी वाईची. चौथ्या वर्षी मी इथे आले, हे तिला कुठून कळणार? हासुद्धा लहानपणीच आला असेल तर? सगळ्यात उशिरा बनणारी दाढ कुठली?”

“अक्कलदाढ. तिचं दंतवल्क आठ-दहाव्या वर्षी बनायला लागतं.” आत्या घुटमळली. तिचा नेम कडक होता: तपासणीसाठी सांगाड्याचा एकच दात कोरायचा, जुन्या माणसाला उगीच इजा करायची नाही. “एका शंकेपायी दुसरा कोरू?”

“उद्या सगळ्यांसमोर त्याला लुटारू मी म्हणणार आहे, आत्या.”

आत्याने कोरणी उचलली.

संध्याकाळी ठोंब्याने निकाल सांगितला, तोही बराच खालच्या आवाजात. अक्कलदाढ इथल्याच चुनखडीच्या पाण्यावर बनली होती, म्हणजे तो लहानपणीच इथे आला होता.

“लेकराला घेऊन कोणी लुटायला निघत नाही,” आत्या म्हणाली. “नॉर्वे-डेन्मार्ककडून आलेल्या व्हायकिंगांच्या फौजांनी इथल्या अँग्लो-सॅक्सन लोकांना लुटलं, जाळलं, हे खरंच. पण त्यांच्यातल्या कित्येकांनी पुढे इथेच नांगर धरला, शेजार जोडला. मागून कुटुंबंही आली. हा त्यांच्यातला दिसतो; कुऱ्हाड तर लाकूडतोडीलाही लागते. मी घाई केली. नवा फलक तूच लिही.” बोलताना तिला भाचीचा इतका अभिमान वाटला, की तिने तो लपवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी उर्जिताने ताठ मानेने वाचलं, “जन्म समुद्रापार. लहानपणी आला, इथे वाढला, इथेच विसावला. आपल्या गावचा माणूस.”

पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याने हसून विचारलं, “आणि तू कुठली?”

“पहिली दाढ वाईची,” उर्जिता म्हणाली. “अक्कलदाढ अजून यायचीय. पण हिरडीच्या आत ती बनतेय, ती इथल्याच पाण्यावर.”